बोरीखालची आंबील

माझ्या कादंबरीत एक चूक आहे आणि ती मी जाणूनबुजून ठेवली आहे. लातूरकडच्या कुठल्याही माणसानं पुस्तक हातात घेतलं तर त्याला ती सापडेल. येळवशीचं, म्हणजे त्या भागातल्या वेळ अमावस्येच्या सणाचं, वर्णन येतं तिथं घरोघरच्या थोर बाया जेवणं आटोपल्यावर उरलेली आंबील घेऊन बांधावरच्या बोरीपाशी जातात आणि तिच्या बुडाशी ओततात, असं मी लिहिलंय. असं कुठंही करत नाहीत. एका वाचकानं फोन करून मला चांगलं झापलं. म्हणाले, ‘‘ताई, आमच्या भागाची माहिती नसताना लिहायची एवढी काय घाई होती?’’ मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा माझा स्वभाव नाही, घरात कोणालाही विचारा. पण या एका बाबतीत मी मुकाट्यानं ऐकून घेते.

चूक का ठेवली हे सांगायला आत्यांनी आता परवानगी दिलीय. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांनी एकच अट घातली, ‘‘नावं न्हाईत ना घालायचीस कुनाची? मग लिव्ह.’’ म्हणून इथं कोणाचंच नाव नाही.

मी मूळची भोकरकडची. आमच्या गावात मार्गशीर्षातली अमावस्या यायची आणि कॅलेंडरवरच्या काळ्या गोळ्यासारखी निघून जायची. लग्न होऊन अहमदपूरला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात घरात तीन दिवस आधीपासून गडबड सुरू झाली. मडक्यात ताक आणि ज्वारीचं पीठ आंबायला पडलं, बाजरीच्या पिठाचे उंडे वळून झाले, पालेभाज्या, तुरीचे आणि वालाचे दाणे, चिंच, बोरं असं जे जे रानात असेल ते सगळं एका पातेल्यात शिजून त्याची भज्जी झाली. अमावस्येला सकाळी बघते तर सगळी गल्ली कुलूप लावून शेताकडं निघालेली. बाजारपेठेत कुत्रं नव्हतं. आमच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभारली होती, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा झाली, पुरुषांनी ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकात आंबील शिंपडली आणि मग जो दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवलं.

आंबिलीचा पहिला घोट घेऊन मी तोंड वाकडं केलं. आत्यांनी बघितलं. ‘‘पुढच्या साली मागून पिशील,’’ म्हणाल्या. तसंच झालं.

त्या पहिल्या येळवशीला जेवणं झाल्यावर मी कोपीच्या तोंडाशी डोक्यावर पदर घेऊन बसले होते. नव्या सुनेला तेवढंच काम असतं. तेव्हा आत्या आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई एका बुडकुल्यात, लहानशा मडक्यात, आंबील घेऊन पूर्वेच्या बांधाकडं गेलेल्या मला दिसल्या. तिथं एक बोर आहे. तिच्याखाली दोघी टेकल्या, आंबील ओतली, माती हातानं दाबल्यासारखं केलं आणि मागं न बघता परत आल्या. दरवर्षी हेच. मला कधी चल म्हणाल्या नाहीत, त्यामुळं हा घरातल्या थोर बायांचा मान असणार असं मी धरून चालले. पुढं जाऊबाई वारल्या, मग आत्या एकट्या जाऊ लागल्या. मी विचारलं का नाही? माझ्या आईनं पाठवणीच्या वेळी बजावलं होतं की सासरची रीत विचारायची नसते, बघून शिकायची असते. इतर बाबतीत आईचं फारसं न ऐकणारी मी, हे मात्र ऐकलं.

कादंबरी सुरू केली तेव्हा मला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून बरीच वर्षं झाली होती. कॉलेज सुटल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होईपर्यंत जे दोन-अडीच तास मिळायचे त्यात लिहायचं ठरवलं. भोकरसारख्या गावातून येळवशीच्या मुलखात आलेली एक सून, ती हळूहळू त्या मातीची कशी होते, अशी गोष्ट होती. मला वाटलं वर्षभरात होईल. सहा वर्षं लागली.

त्या सहा वर्षांत आत्या पुढच्या खोलीत दाराशी बसून पहारा द्यायच्या. कोणी बाई आली की सांगायच्या, ‘‘ती पेपर तपासायली.’’ सून गोष्ट लिहिते हे सांगायला त्यांना अवघड जायचं. लाज म्हणून नव्हे, पण समजावून कोण सांगणार? शेजारची एक म्हातारी एकदा वैतागून म्हणाली, ‘‘किती तपासतीस माय पेपर, पोरं पास होऊन नोकरीला लागली की गं!’’

आत्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण मला लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायची सवय आहे, वाक्य कुठं लंगडतंय ते कानाला लवकर कळतं. रिकाम्या खोलीत वाचायला वेड्यासारखं वाटायचं, म्हणून आत्यांना समोर बसवू लागले. त्या सुपात डाळ-तांदूळ घेऊन निवडत बसायच्या. हात चालू राहिले तर मजकूर बरा, हात थांबले तर चांगला, आणि त्या उठून मांजराला हाकलायला गेल्या तर ते पान फाडायचं, असा माझा हिशेब ठरला. एकदा पहिली चाळीस पानं ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘समदं खरं. पर ती पोरगी जेवली कवा?’’

मी पानं उलटीपालटी करून बघितली. माझी नायिका चाळीस पानं विहिरीवर, शेतात, चुलीपुढं वावरत होती, दोनदा रडली होती, एकदा भांडली होती, पण तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. त्यानंतर प्रकरण खरंच अंगाला लागलं.

पहिला खर्डा संपत आला तेव्हा शेवट मला आपोआप सापडला. नायिका आता घरातली थोर बाई झाली आहे. येळवशीच्या दुपारी गावातल्या सगळ्या थोर बाया आपापल्या बांधावरच्या बोरीकडं निघतात आणि तीही पहिल्यांदा बुडकुलं घेऊन निघते. मी कादंबरीचं नावही ‘बोरीखालची आंबील’ ठेवलं. शेवट आत्यांना वाचून दाखवला. त्यांचे हात थांबले. थांबले ते थांबलेच.

‘‘समद्या घरच्या बाया?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो. घरोघरच्या.’’

‘‘आन् समद्या वततेत?’’

‘‘हो.’’

‘‘पुन्हा वाच.’’

मी त्या दुपारी तो भाग तीन वेळा वाचला. शेवटी त्या ‘‘बरं लिव्हलंस’’ म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. मी खूश. एक तर माझ्या लेखणीनं आत्यांना रडवलं होतं, आणि दुसरं म्हणजे या मुलखात जन्म गेलेल्या बाईनं ऐकून मान डोलावली होती, म्हणजे तपशील पक्का झाला. दोन्ही समजुती चुकीच्या निघाल्या.

नांदेडला माझे कॉलेजातले सर राहतात. आता निवृत्त आहेत. लोह्यावरून जाणारी एसटी धरून, मांडीवर बाड घेऊन मी त्यांच्याकडं गेले. महिन्यानं बोलावणं आलं. सरांनी आधी चहा दिला, मग तब्येत विचारली, मग घरच्या सगळ्यांची तब्येत विचारली, तेव्हाच मी ओळखलं की काही खरं नाही.

‘‘अगं,’’ ते म्हणाले, ‘‘तुझी कादंबरी निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखी आहे. उठते, दारापर्यंत येते आणि तिथंच तासभर बोलत उभी राहते.’’

साठ पानं जा म्हणाले. नायिकेचा दीर जा म्हणाले, कारण त्याला काही काम नव्हतं. दिरावर माझा फार जीव होता. परतीच्या गाडीत मी सरांना मनातल्या मनात खूप बोलले. पण बोरीचा शेवट त्यांना आवडला होता. ‘‘ही शेवटची चार पानं आहेत म्हणून आधीचं सगळं सोसलं,’’ असं म्हणाले होते ते. तेवढं धरून मी दुसऱ्या खर्ड्याला बसले. दीर गेला. दिरासोबत त्याचं लग्न, त्याची मोटारसायकल आणि माझा एक आवडता विनोद गेला. लिहिणं एकवेळ सोपं, आपण जन्माला घातलेलं माणूस पुसून टाकायचं म्हणजे फार जड जातं.

दुसरा खर्डा टाइप करून घेतला आणि आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या बाईंना वाचायला दिला. त्या निलंग्याकडच्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत त्यांनी बाड माझ्यापुढं ठेवलं.

‘‘मॅडम, छान हाय. पर ते बोरीचं कुठून काढलाव?’’

‘‘कुठून म्हणजे? येळवशीला करतात की.’’

‘‘कोन करतंय? आमच्याकडं तर न्हाई बाई असलं.’’

मी वाद घातला. वाद घालायला मला फारसं निमित्त लागत नाही. तुमच्या गावात नसेल म्हणाले. मग त्यांनी शिपायाला विचारलं, क्लार्कला विचारलं, सगळे नाही म्हणाले. मी इरेला पेटून अकरावीच्या वर्गात विचारलं, ‘‘येळवशीला बोरीखाली आंबील ओततात का तुमच्याकडं?’’ एकही हात वर झाला नाही. एका मुलीनं मात्र विचारलं, ‘‘मॅडम, हे परीक्षेला हाय का?’’

घरी आले ती तणतणतच. आत्या तूर पाखडत होत्या.

‘‘आत्या, बोरीखाली आंबील ओततात ना सगळ्याजणी?’’

त्यांचं सूप थांबलं. ‘‘ज्येच्या त्येच्या घरची रीत आसती,’’ म्हणाल्या आणि सूप तिथंच ठेवून आत गेल्या. अर्धवट पाखडलेली तूर टाकून आत्या कधी उठत नाहीत. एवढं डोळ्यांसमोर घडूनही मला काही कळलं नाही. मी स्वतःच्या फजितीत बुडाले होते.

तिसऱ्या खर्ड्यात मी बोर काढून टाकली. सांगायला एक ओळ लागते, पण तीन महिने गेले. तो नुसता एक परिच्छेद नव्हता, सगळी कादंबरी हळूहळू त्या बोरीकडं चालत येत होती. बोर काढल्यावर सगळी माणसं रानात मधेच उभी राहिली. शेवटी मी अंधार पडल्यावर गव्हाभोवती पेटता कडबा घेऊन फिरतात ती चाल शेवटाला आणली. ती खरी होती, सगळीकडं करतात, कोणाला बोट दाखवायची सोय नव्हती. आणि ती मेलेली होती हेही मला कळत होतं. कादंबरीचं नावही बदललं.

नवा शेवट आत्यांना वाचून दाखवला. त्या ऐकत राहिल्या. मी थांबले तरी त्या वाट बघत होत्या.

‘‘आन् बोर?’’

‘‘काढली, आत्या. कोणीच करत नाही म्हणे तसं.’’

‘‘हाव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुनीच न्हाई करत.’’

त्या दिवशी ‘पुन्हा वाच’ म्हणाल्या नाहीत. पुढं वाचायची वेळ झाली की त्यांचे गुडघे दुखायचे, नाहीतर शेजारी बोलावणं असायचं, नाहीतर टीव्हीवर मालिका असायची. मला राग आला. एक दिवस मी म्हणाले, ‘‘कंटाळा आला असेल तर सरळ सांगा. मी काही कोणाला धरून बसवत नाही.’’ हे वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. खर्डा असता तर खोडलं असतं.

त्यानंतरच्या महिन्यात येळवस आली. आत्यांचे गुडघे तोवर खरंच गेले होते. यांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना बजावलं की कोपीत बसूनच सगळं बघायचं. जेवणं झाली, माणसं इकडंतिकडं आडवी झाली, आणि बघते तर आत्या बुडकुलं घेऊन ढेकळांतून निघालेल्या. एक पाय टाकायच्या, थांबायच्या, दुसरा टाकायच्या. मी धावत जाऊन हात धरला.

‘‘तू जा माघारी,’’ त्या म्हणाल्या.

‘‘पडाल आत्या.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वजन माझ्या हातावर टाकलं. बोरीखाली पोचायला आम्हाला बराच वेळ लागला. तिथं त्या हळूहळू खाली बसल्या, बुडकुलं वाकडं करून बारीक धारेनं आंबील ओतली आणि ओल्या मातीवर हात ठेवला. मी त्यांच्या शेजारी टेकले.

‘‘आत्या, हे आपल्याच घरात करतात ना?’’

‘‘हाव. आपल्याच. आता तर मी एकलीच.’’ मग म्हणाल्या, ‘‘हितं थोरली हाय.’’

‘‘कोण थोरली?’’

‘‘तुजी थोरली ननंद.’’

यांना मोठी बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढं मला माहीत होतं. यांनाही तेवढंच माहीत. तिचा फोटो नाही, कपडा नाही, घरात तिचा विषय नाही. आत्या बोलू लागल्या आणि मी पहिल्यांदा त्या मुलीला बघितलं. दोन वर्षांची झाली होती. आंबील इतकी आवडायची की वाटीत सगळं तोंड घालायची आणि वर बघितलं की तिला पांढऱ्या मिशा आलेल्या असायच्या. ताप आला. तेव्हा घर शेताजवळच्या खेड्यात होतं; बैलगाडीत घालून अहमदपूरच्या दवाखान्यात निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून बोरीखाली मातीत ठेवलं. त्याला आठ दिवस झाले आणि येळवस आली.

‘‘सासू म्हनली, लक्षुमीच्या दिवशी रानात रडायचं न्हाई. न्हाई रडले. समदे म्हनले ईसर, अजून वय हाय तुजं. लोकायसमोर ईसरले बी. पर जेवनं झाली, मडक्यात आंबील उरली, आन् माजे पायच हिकडं वळले. तवा धाकली जाऊ मागून आली. म्हनली, चल, मी बी येते. एकली गेलीस तर लोक इचारतेत. दोघी गेलाव तर रीत वाटतीया.’’

आणि मला रीतच वाटली होती.

‘‘तू वाचून दावलीस ना त्या दिवशी,’’ आत्या म्हणाल्या, ‘‘तवा मला वाटलं, समद्या गावाच्या बाया आल्या तिच्याकडं. इतक्या वर्सात आमा दोघीबिगर कुनी आलं नव्हतं.’’

मी रडले. लक्ष्मीचा दिवस असून, रानात, चांगली हमसून रडले. आत्या रडल्या नाहीत. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मग घाबरत विचारावं तसं विचारलं, ‘‘खोटं हाय ते, मला कळतंय. पर पुस्तकात खोटं चालतंय ना? ऱ्हाऊ दी की मग.’’

त्यांनी मला मुलीचं नावही सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, आता सापडलं. खोटं कशाला, खरंच लिहू. नायिकेची एक मुलगी गेली आहे, बोरीखाली आहे, आणि नायिका दरवर्षी एकटी जाऊन आंबील ओतते. चार दिवसांत बारा पानं लिहून झाली. माझ्या हातून इतकं चांगलं आधी कधी उतरलं नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं.

‘‘चांगलं हाय,’’ म्हणाल्या. ‘‘पर तिला कामून एकलीला बसवतीस पुन्हा?’’

मी बारा पानं घडी करून कपाटात ठेवली. एका जन्मात आत्या एकट्या बसल्या होत्या ते पुरे होतं, माझ्या पुस्तकात त्यांना सोबत हवी होती.

नांदेडला जाऊन सरांना सांगितलं की बोर परत आणतेय, चूक आहे हे माहीत असून आणतेय, आणि कारण विचारू नका. सरांनी विचारलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘आण. पण मग ती शोभेला उभी राहायला नको. ओतणाऱ्या बाईला कशासाठी ओततेय हे माहीत आहे असं वाटलं पाहिजे. तुला माहीत आहे ना?’’

‘‘हो सर.’’

‘‘मग झालं.’’

पण झालं नव्हतं. जुना परिच्छेद काढून वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. पाऊण पान नुसती सजावट. दुपारचं ऊन, बायांच्या लुगड्यांचे रंग, बांगड्यांचा आवाज, भूमातेची ओटी, पूर्वजांचं स्मरण, काय काय मी त्यात कोंबलं होतं. त्यात एक लेकरू आहे हे माहीत नसताना लिहिलेला तो मजकूर होता. मी तो किती वेळा लिहिला याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी काहीतरी गळायचं. आधी ऊन गेलं, मग रंग, मग भूमाता. शेवटी बाया, बोर, बुडकुलं, आंबील आणि माती एवढंच उरलं. ते घेऊन आत्यांपुढं बसले.

‘‘‘…ओततात आणि ओली माती तळहातानं दाबतात,’’’ मी वाचलं.

‘‘दाबत न्हाईत गं,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘थोपटतेत.’’

आणि त्यांनी सुपाच्या कडेवर हळूच दोनदा हात मारून दाखवला, झोपत नसलेल्या लेकराला थोपटतात तसा. इतकी वर्षं मी तो हात बघत होते. मी ‘दाबतात’ खोडून ‘थोपटतात’ केलं. सहा वर्षांच्या लिखाणात मी केलेली ही सगळ्यात मोठी दुरुस्ती आहे, असं मी म्हटलं तर भूगोलाच्या बाईंना हसू येईल.

पुस्तक जुन्याच नावानं छापायला गेलं. मुद्रितं आली तेव्हा त्या पानावर कोणीतरी तपासणाऱ्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘अशी प्रथा आढळत नाही. लेखिकेनं खात्री करावी.’ मी खाली लिहिलं, ‘खात्री केली आहे. तसंच ठेवावं.’ मग ते पान घेऊन आत्यांकडं गेले. छापलेलं पान त्यांनी हातात घेऊन बघितलं, कुठल्या ओळीत आहे विचारलं, मी बोट ठेवलं तिथं त्यांनीही बोट ठेवलं.

‘‘वाच आता.’’

मी वाचलं. त्या म्हणाल्या, ‘‘पुन्हा वाच.’’ किती दिवसांनी म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

‘‘तुज्या पुस्तकातल्या गावात घरं किती हायती?’’

मी कधी मोजली नव्हती. ‘‘असतील साठ-सत्तर.’’

‘‘म्हंजी साठ-सत्तर बुडकुली?’’

‘‘हो.’’

‘‘आगं माय,’’ आत्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. ‘‘एवढ्याशा लेकराला एवढी आंबील? पोट दुखंल की तिचं. सांग त्या बायायला, थोडी थोडी वता म्हनावं.’’

मी पेन घेतलं आणि ‘आंबील ओततात’च्या आधी, समासात, ‘थोडी थोडी’ असं लिहिलं.